नाकासमोर

भल्या माणसाचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे आपण मराठी माणसे विशेषणे शोधीत बसत नाही. 'नाकासमोर चालणारा' एवढे म्हटले की भागते. मुलगी द्यावयाच्या घराची चौकशी असो, पतपेढीच्या चिटणीसाची निवड असो की खोली भाड्याने द्यावयाची असो, हे प्रशस्तिपत्र आजही खपते. नाक ज्या दिशेला असते त्याच दिशेला माणूस जातो, आणि म्हणून नाक सरळ असले की वाटही सरळ होते, हे त्यात आपण गृहीतच धरलेले असते. पायाखाली जमीन आहे तोवर यात काही बिघडत नाही. पण ज्याला हवेत काही उडवावयाचे आहे त्याला हा वाक्प्रचार पहिल्याच आठवड्यात दगा देतो.

माझ्या भाच्याला मॉडेल विमाने उडविण्याचा नाद आहे. नुसती उडविण्याचा नव्हे, स्पर्धेत कसरती करण्याचा. दिवाळीच्या सुटीत तो रत्नागिरीला आला की फराळापेक्षा त्याचे लक्ष सड्याकडे अधिक असते, आणि मामा या नात्याने त्याच्या पाठीमागे उभे राहण्याचे काम माझ्याकडे येते. हे काम वाटते तितके निरर्थक नाही, हे पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो की, सरळपणा म्हणजे काय, या प्रश्नाने मला इतके कधी छळले नव्हते जितके त्या पाच किलोंच्या विमानाने छळले.

हा पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडी माहिती. रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये भरली आणि ती अमेरिकेच्या एड काझमिर्स्कीने जिंकली. स्पर्धेतले विमान साधारण दोन मीटर लांब, तितक्याच रुंद पंखांचे असते. उडविणारा जमिनीवर एका जागी उभा असतो. विमान त्याच्यापुढे सुमारे दीडशे मीटरांवर, एका कल्पित भिंतीवर चित्रे काढावीत तसे वर्तुळे, चौकोन, आठचे आकडे आणि उलट्या रेघा काढीत जाते. परीक्षक मागे बसलेले असतात. प्रत्येक आकृतीला ते मनात दहा गुण देऊन ठेवतात आणि मग कमी करीत जातात; रेघ पंधरा अंशांनी चुकली तर साधारणपणे एक गुण गेला. शेवटी उरलेल्या गुणांना त्या आकृतीच्या अवघडपणाच्या अंकाने गुणतात. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मॉडेल विमाने बनविणे आणि उडविणे हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि तारेला बांधलेले विमान स्वतःभोवती फिरवूनही ही विद्या शिकता येते. तारेच्या विमानाचा एक धडा मला फार आवडतो: कसरत करावयाची ती वाऱ्याकडे पाठ करून. विमान वाऱ्याच्या बाजूला नेले तर तार ढिली पडते आणि ढिल्या तारेतून हुकूम पोहोचत नाही.

नवशिक्याला पहिला सल्ला द्यावयाचा तो विमानाच्या निवडीचा. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वरच्या बाजूला बसविलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. ते एका अंगावर कलले तरी हातातली दांडी सोडून दिली की बहुधा आपणहून सावरते. कसरतीचे विमान तसे नसते. त्याला जसे ठेवाल तसे ते राहते. उलटे ठेवाल तर उलटे. नवशिक्या म्हणतो, हे विमान खोडकर आहे. वास्तविक ते कमालीचे आज्ञाधारक असते, आणि अवघड जाते ते त्यामुळेच. आपली चूक परस्पर निस्तरणारे कोणी उरत नाही. आईबापांच्या घरातून निघून पहिले बिऱ्हाड थाटणाऱ्याची काहीशी अशीच अवस्था होते, पण तो विषय निराळा. तेव्हा घाई करू नये. शिकाऊ विमानावर, शक्य तर शिकविणाऱ्याच्या यंत्राला आपले यंत्र जोडून, म्हणजे गडबड झाली तर एका खटक्यासरशी विमान त्याच्या ताब्यात जाईल अशा रीतीने, काही महिने काढावेत.

दुसरा सल्ला उंचीचा. तीन चुका मावतील एवढ्या उंचीवर विमान ठेवावे, असे या खेळातले जुने लोक सांगतात. एक चूक हातून होते, दुसरी ती सुधारण्याच्या गडबडीत होते आणि तिसरी भीतीने होते. तिन्ही होऊनही खाली जागा उरली पाहिजे.

तिसरी अडचण अशी आहे की, तिच्यावर एखाद्या शास्त्र्याने प्रवचन करावे. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा त्याचे डावे ते आपले डावे. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की त्याचे डावे आपले उजवे होते. हात मात्र आपल्याच डाव्या-उजव्याला चिकटून राहतात, आणि पहिली विमाने मोडतात ती येथे. अशा वेळी दोन उपाय सांगतात. एक, आपण मनाने विमानात जाऊन बसावे. हे बोलणे सोपे आहे. दुसरा उपाय अधिक कामाचा: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली गेलेला दिसेल त्याच बाजूला दांडी न्यावी, जणू पडणाऱ्याखाली टेकू दिला. यात डावे-उजवे मनात आणावेच लागत नाही. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहण्याचा उपदेश आपण जन्मभर ऐकतो आणि तो फारसा साधत नाही. पण कोणता पंख खाली चालला आहे एवढे पाहण्यास प्रतिभा लागत नाही.

आता वाऱ्याकडे येऊ. रत्नागिरीचे सडे या खेळाला जणू मुद्दाम घडविल्यासारखे आहेत. जांभ्या दगडाचे मैलभर सपाट माळ, पावसाळा संपल्यावर पिवळे पडत चाललेले गवत, दूरवर गडगे आणि त्यापलीकडे हापूसची कलमे. (तटरक्षक दलाचा विमानतळ जवळच आहे, आणि त्याच्या आसपास परवानगीवाचून काही उडविता येत नाही, तेव्हा जागा आधी विचारून घ्यावी.) पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन चढू लागले की तो पडतो, थोडा वेळ हवा अगदी स्तब्ध असते, आणि मग समुद्रावरून खारा वारा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत. आपला किनारा उत्तर-दक्षिण. दुपारनंतर सूर्य डोळ्यांत येऊ नये म्हणून समुद्राकडे पाठ करून उभे राहावे, तर विमानाची वाट उत्तर-दक्षिण होते आणि खारा वारा तिच्यावर नेमका आडवा येतो. तो विमानाला आपल्यापासून दूर, कलमांच्या दिशेने ढकलीत असतो.

अशा वाऱ्यात नवशिक्या काय करतो? विमानाचे नाक तो अगदी दक्षिणेला धरून ठेवतो. नाक रेसभर हलू देत नाही. आणि विमान नाक दक्षिणेला ठेवून आग्नेयेला निघून जाते. त्याला समजत नाही की आपण तर सगळे नीट केले होते. विमानाचा वेग ताशी साठ किलोमीटर असेल आणि आडवा वारा ताशी पंधराचा असेल, तर सरळ रेघेवर राहण्यासाठी नाक वाऱ्याच्या अंगाला चौदा-पंधरा अंश वळवूनच ठेवावे लागते. म्हणजे वर सांगितले ते एका गुणाचे माप! आणि वळवावयाचे तेही पंख न कलवता, रडरने. पंख कलले तर ते परीक्षकाला दिसते. वारा पाठीवर असल्यामुळे ते नाक थोडेसे आपल्याच अंगाला वळलेले असते, म्हणून नवशिक्याला आणखी धास्ती वाटते. वर्तुळाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. वाहत्या हवेत जर हातांनी अगदी तंतोतंत वर्तुळ काढले, तर जमिनीवरून ते ओढल्यासारखे लांबट दिसते. आणि जमिनीवरून गोल दिसावयाचे असेल तर हवेत वर्तुळ नसलेले काहीतरी काढावे लागते. मॉडेल विमानांच्या स्पर्धेचा नियमच असा आहे की, विमानाचा रोख पाहावयाचा नाही, त्याने काढलेली वाट पाहावयाची.

यात रत्नागिरीकराला नवल वाटू नये. भाट्याचा पूल होण्यापूर्वी जे लोक तरीने खाडी ओलांडीत त्यांनी हे रोज पाहिले आहे. ओहोटीचे पाणी समुद्राकडे ओढीत असताना नावाडी नावेचे नाक पलीकडच्या धक्क्याकडे कधीच धरीत नसे. ते वरच्या अंगाला, खाडीच्या पोटाकडे धरी. नाव तिरकी, आणि लागे मात्र धक्क्यालाच. जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीतही पाण्याला ओढ असताना हे दिसते. धक्क्यावर उभ्या असलेल्या परक्या माणसाला वाटावे, यांचा जाण्याचा बेत दुसरीकडेच आहे.

तर मग प्रश्न असा की, माणसाचा सरळपणा कशात मोजावयाचा? त्याच्या नाकात की त्याच्या वाटेत?

घरोघरी याची दोन्ही उदाहरणे आहेत. गिरणीतल्या पगाराच्या मनीऑर्डरीवर चालणारी कोकणातली घरे आठवा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, तो लांबतच गेला आणि पुष्कळांच्या बाबतीत कधी संपलाच नाही. मनीऑर्डर थांबली. त्या वर्षांत अशा घरांतली बाई कशी झाली असेल? कडक झाली. साखरेला कुलूप लावू लागली, पाहुणा दारात दिसला की चहाचे विचारण्याआधी हवापाण्याचे बोलणे लांबवू लागली, धाकट्याची शाळेची सहल दर वर्षी काही ना काही निमित्त काढून चुकवू लागली. शेजारणींनी तिला नावे ठेवली. तिचे नाक वाकडे झाले होते हे खरेच. पण तिची वाट पाहा. मुले शिकली, जमिनीचा तुकडा गहाण पडला नाही, कोणापुढे हात पसरला गेला नाही. आणि त्याच वाडीत एखादा असाही होता की ज्याने आपल्या रीतीत रेसभर फरक केला नाही. आजवर जे काम केले नाही ते आता करणार नाही, आल्यागेल्याचे पूर्वी झाले तसेच होणार, तत्त्व म्हणजे तत्त्व. त्याच्याविषयी सगळे आदराने बोलत. त्याचे घर मात्र वाऱ्याबरोबर सरकत सरकत गडग्याला जाऊन लागले. त्याला नाकासमोर चालणारा म्हणावे, तर तो नाकासमोर गेलाच नव्हता.

इथवर सगळे सोपे आहे, आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. कारण वाट तेवढी पाहावयाची, रोखाचे काय, असे एकदा म्हटले की लबाडाला याहून सोईचे तत्त्वज्ञान नाही. वारा तसा होता, असे पकडला गेलेला प्रत्येक जण म्हणतो. मोठ्या, माणसे बसलेल्या विमानांच्या कसरतींचे नियम पाहिले तर तेथे सरळ वर चढणाऱ्या रेघेचा निवाडा विमानाचा कणा पाहून करतात. वाऱ्याने ती सगळी रेघ बाजूला सरकली तरी कणा उभा असेल तर गुण जात नाहीत. म्हणजे जगात दोन्ही प्रकारचे परीक्षक आहेत, आणि दोघांनाही वेडे म्हणता येत नाही.

या वादावर रत्नागिरीत जन्मलेल्या एका माणसाने मोठा ग्रंथ लिहून ठेवला आहे. लोकमान्य टिळक १८५६ साली येथे जन्मले, आणि 'गीतारहस्य' त्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिले, ते १९१५ साली छापून निघाले. (ते मंडालेला कैदेत होते तेव्हा मंडालेचा राजा थिबा रत्नागिरीस कैदेत होता, इतिहासाला अशी अदलाबदल करण्याची हौस कोठून येते कोण जाणे.) कर्माचे बरेवाईटपण केवळ बाहेरच्या परिणामावरून ठरवावे, या पाश्चात्त्य पंडितांच्या मताशी टिळक तेथे विस्ताराने झगडले आहेत, आणि कर्त्याची बुद्धी कशी आहे ते प्रथम पाहावे असा त्यांचा निष्कर्ष आहे. सड्यावर उभे राहून हे वाचले तर ध्यानात येते की ते रोखाविषयीही बोलत नाहीत आणि वाटेविषयीही नाहीत. ते दांडीवरच्या हाताविषयी बोलत आहेत. रोख दिसतो, वाट दिसते. हात दिसत नाही. परीक्षक मागे बसलेला असतो, त्याचे डोळे आभाळाकडे असतात, आणि समोरच्या माणसाच्या हातांनी काय केले हे त्या माणसावाचून कोणालाच ठाऊक नसते.

तरीपण हात अगदीच झाकून राहतो असेही नाही. विमान एकदा दक्षिणेला गेले की परत उत्तरेला यावयाचे असते. जाताना समुद्र त्याच्या उजव्या हाताला होता म्हणून रडर उजवीकडे होता. येताना समुद्र डाव्या हाताला येतो आणि रडर डावीकडे न्यावा लागतो. ज्याचा हात जाताना उजवीकडे आणि येतानाही उजवीकडेच, तो वाऱ्याशी झगडत नव्हता. त्याला उजवीकडे जाण्याची खोडच होती. शेजाऱ्याच्या बांधाचा वाद असला की व्यवहार पाहावा म्हणणारा आणि आपल्या बांधाचा असला की तत्त्व पाहावे म्हणणारा मनुष्य आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे नाक वाऱ्याकडे वळत नाही, आपल्या वाडग्याकडे वळते. तेव्हा एका फेरीवरून कोणाविषयी मत करू नये. परतीची फेरी पाहावी.

आणि दुसरी कसोटी वारा पडल्यावरची. ही मला अधिक जवळची वाटते, कारण हिच्यात लबाड माणसे सापडत नाहीत, चांगलीच सापडतात. मघाच्या त्या बाईचेच पुढे पाहा. मुलगा मिळवता झाला, सून नोकरीची आली, घरावर स्लॅब पडला. साखरेच्या डब्याचे कुलूप मात्र तसेच आहे. दिवाळीत ती करंज्या मोजून ठेवते, आणि नातवाने एक जास्तीची घेतली की घरात अर्धा तास अबोला होतो. वारा कधीच पडला आहे. नाक त्याच पंधरा अंशांवर राहिले आहे, आणि जी रेघ १९८२ साली सरळ होती ती आता वाकडी चालली आहे. तिला दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही. सुनेलाही नाही. सुनेने तो वारा पाहिलेलाच नाही. तिला फक्त नाक दिसते.

मॉडेल विमानांच्या नियमांत एक सवलत आहे, ती मी भाच्याकडून ऐकली तेव्हा ते नियम करणाऱ्यांविषयी माझे मत एकदम चांगले झाले. विमान वर चढता चढता वेग संपून जिथे थबकते, किंवा पंखांना हवेचा आधार न उरल्यामुळे गरगरत खाली येते, तेवढ्या अवधीत वाऱ्याने ते बाजूला सरकले तर गुण कापीत नाहीत. त्या क्षणी रडर धरून काही उपयोगच नसतो. पंखांची पकड पुन्हा आली की मात्र सवलत संपली. माणसांच्या बाबतीत आपण बहुधा याच्या उलट करतो. जो कोसळत असतो त्याच्या रेघा मोजतो.

आता त्या पाठीमागे उभे राहण्याच्या कामाविषयी. स्पर्धेत उडविणाऱ्याला एक सोबती घेता येतो. पुढची आकृती कोणती हे तो मोठ्याने सांगतो; पण त्याचा खरा उपयोग सरावात आहे. विमानाकडे टक लावून असलेल्याला आपली रेघ हळूहळू दूर चालली आहे हे कळत नाही, कारण त्याची नजरही तिच्याबरोबर सरकत असते. मागच्याने मध्येच डोळे खाली आणून गडगा, एखादे झाड, असे काहीतरी न हलणारे पाहून घ्यावयाचे आणि म्हणावयाचे, "बाहेर चाललास." भाच्याचे पहिले उत्तर ठरलेले, "नाही मामा, नाक सरळच आहे." मी म्हणतो, "बाळा, नाकाचे मी विचारलेच नाही." पण हेही सांगितले पाहिजे की, मागच्याने फार बोलू नये. रडर कसा धरावा हे मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच मी केवळ झाडाविषयी बोलतो. हे आमच्या दोघांच्याही प्रकृतीला मानवले आहे.

नवशिक्याने एक गोष्ट मात्र कोणाचे न ऐकता करावी. प्रत्येक विमानाला थोडासा उपजत कल असतो. एखादा पंख जड, एखादी बिजागरी घट्ट. तो काढण्यासाठी यंत्रावर लहान खटके असतात, त्याला ट्रिम करणे म्हणतात. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात विमान सरळ जावे म्हणून पुष्कळ जण हे खटकेच फिरवून ठेवतात. त्या दिवसापुरते बरे वाटते, हाताचे श्रम वाचतात; पण परतीच्या फेरीतच ते उलटते, आणि दुसऱ्या दिवशी शांत हवेत विमान विनाकारण तिरके जाते. ट्रिम करावयाचे ते सकाळी, मतलई पडल्यानंतर आणि खारा सुटण्यापूर्वी जो अर्धापाऊण तास मिळतो तेव्हा. गवताचे पाते हलत नसते. विमान उंच न्यावे, दांड्यांवरून बोटे अलगद उचलावीत आणि ते आपले आपण कोणीकडे जाते ते दोन्ही बाजूंनी पाहावे. मग एक-एक खटका, पुन्हा फेरी, पुन्हा खटका. सव्वादहाच्या सुमारास कलमांची पाने पश्चिमेकडून उलटू लागतील. तेव्हा रडरला हात घालावा.